‘आता हेच वेगळ्या रीतीने करून दाखवा’: नाट्यशिक्षणाची प्रवेशपरीक्षा आणि मावळातील विद्यार्थी

अभिनयाचे शिक्षण देणाऱ्या संस्थांत नुसत्या गुणपत्रिकेवर प्रवेश मिळत नाही. उमेदवाराने परीक्षकांपुढे उभे राहून एखादा नाट्यउतारा सादर करावा, ऐनवेळी हातात दिलेला मजकूर वाचून दाखवावा, थोडे गावे, सांगितल्याप्रमाणे हालचाली कराव्यात आणि शेवटी मुलाखत द्यावी, असे या प्रवेशपरीक्षेचे सर्वसाधारण स्वरूप असून नाट्यवर्तुळात तिला सर्रास ‘ऑडिशन’ म्हटले जाते. लोणावळा, मळवली, कामशेत, वडगाव किंवा तळेगाव दाभाडे येथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने या परीक्षेची दोन महत्त्वाची ठिकाणे लोकलच्या टप्प्यात आहेत. एक म्हणजे गणेशखिंडीतील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८७ साली सुरू झालेले ललित कला केंद्र, ज्याच्या नावापुढे ‘गुरुकुल’ हा शब्द आवर्जून लावला जातो, आणि दुसरे म्हणजे लॉ कॉलेज रस्त्यावरील जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली स्थापन झालेली, आज फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या नावाने ओळखली जाणारी चित्रपटसंस्था. ही ठिकाणे जवळ असली, तरी त्यांच्या परीक्षेत नेमके काय पाहिले जाते याची कल्पना मावळ तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांत फारशी स्पष्ट नसते, आणि परीक्षकांना तयार नट हवा असतो हा त्यातला सर्वांत मोठा गैरसमज आहे.

या गैरसमजाचे मूळ असे की, निवड या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. नाट्यस्पर्धेत परीक्षक झालेल्या प्रयोगाला गुण देतात. चित्रपटासाठी पात्रनिवड करणारा दिग्दर्शक एका विशिष्ट भूमिकेत चपखल बसेल असा चेहरा, वय आणि बोलण्याची लकब शोधतो. अकलूजची रिंकू राजगुरू शाळेत शिकत असताना ‘सैराट’साठी निवडली गेली आणि त्या कामाबद्दल राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला, तेव्हा तिच्यापाशी नाट्यशिक्षणाची कोणतीही पदवी नव्हती आणि त्या निवडीला तिची गरजही नव्हती. शिक्षणसंस्थेचा हिशोब याहून वेगळा असतो, कारण तिला उमेदवारात आजच्या प्रयोगाचा किंवा उद्याच्या चित्रपटाचा नट पाहायचा नसून दोन-तीन वर्षे ज्याच्याबरोबर काम करता येईल असा विद्यार्थी पाहायचा असतो. ज्याचे सगळे आधीच ठरलेले आणि घट्ट बसलेले आहे, त्याच्यावर ही वर्षे कशासाठी खर्चायची, हा प्रश्न परीक्षक उघडपणे विचारत नसले तरी त्यांच्या प्रत्येक सूचनेमागे तो असतो.

संस्थासंस्थांत फरक आहेत आणि ते आधी समजून घेणे हिताचे असते. ललित कला केंद्रात बारावीनंतर पदवी अभ्यासक्रमाला जाता येते व पुढे पदव्युत्तर शिक्षणही घेता येते. नाटककार सतीश आळेकर यांनी या केंद्राचे प्रमुखपद अनेक वर्षे सांभाळले, आणि मावळाच्याच वाटेवर असलेल्या चिंचवडच्या मुक्ता बर्वे यांनी नाट्यशास्त्राची पदवी येथूनच घेतली. दिल्लीची राष्ट्रीय नाट्य विद्यालय ही संस्था १९५९ साली संगीत नाटक अकादमीने सुरू केली. मूळचे पुण्याचे इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ या काळात तिचे संचालक होते, आणि रोहिणी हट्टंगडी, ज्योती सुभाष, अतुल कुलकर्णी, गीतांजली कुलकर्णी अशी तेथे शिकलेल्या मराठी कलावंतांची परंपरा बरीच लांब आहे. तेथील तीन वर्षांच्या पदविकेसाठी उमेदवार पदवीधर असावा लागतो, शिवाय त्याने ठरावीक संख्येने नाटकांत काम केलेले असावे लागते, त्यामुळे बारावी झालेल्या मुलाने लगेच दिल्लीचा अर्ज भरण्यात अर्थ नसतो. पुण्याच्या चित्रपटसंस्थेतील अभिनयाचा अभ्यासक्रम सत्तरच्या दशकात बंद पडून या शतकाच्या पहिल्या दशकात पुन्हा सुरू झाला. तो पदवीधरांसाठी असून तेथे कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयाला अर्थातच अधिक महत्त्व आहे. मुंबई विद्यापीठाच्या अकादमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. वयाची अट, जागांची संख्या आणि परीक्षेचा तपशील या बाबी प्रवेशसूचनेनुसार बदलत असल्याने त्या त्या वर्षीची सूचना मुळातून वाचावी, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे. कोणत्याही गंभीर नाट्यसंस्थेच्या परीक्षेत उमेदवाराने तयार करून आणलेला उतारा संपल्यावर बहुधा एक क्षण असा येतो की परीक्षक त्याला तोच उतारा पुन्हा, पण वेगळ्या रीतीने करायला सांगतात. मघाशी हे बोलणे रागाने झाले, आता शेजारच्या खोलीत आजारी माणूस झोपला आहे असे धरून बोला. मघाशी उभे राहून बोललात, आता धान्य निवडता निवडता बोला. ज्याच्याशी बोलत आहात तो तुमचे ऐकतच नाही असे समजा. अशा सूचनांना रशियन दिग्दर्शक कॉन्स्टंटिन स्तानिस्लाव्हस्की यांच्या परिभाषेत ‘दिलेली परिस्थिती’ बदलणे म्हणता येईल, म्हणजे पात्र कोण आहे, कोठे आहे, कोणासमोर आहे आणि त्याला काय हवे आहे यांपैकी एखादी गोष्ट बदलून पाहणे. स्तानिस्लाव्हस्की ज्याचे सहसंस्थापक होते ते मॉस्को आर्ट थिएटर १८९८ साली उघडले आणि पुढे जगभरच्या नाट्यशाळांनी ही पद्धत कमीअधिक प्रमाणात स्वीकारली. सूचनेनंतर परीक्षक पाहतात ते एवढेच की, उमेदवारात काही बदलले का. तो नव्या परिस्थितीत चुकला, अडखळला, एखादे वाक्य विसरला, तरी ते फारसे मोजले जात नाही. पण सूचना ऐकून घेऊन त्याने आवाज थोडा खाली आणला आणि बाकी हातवारे, थांबे, शेवटचा हुंदका सगळे जसेच्या तसे पुन्हा केले, तर त्याने उतारा पाठ केला आहे, पण त्यातल्या माणसाचा विचार केलेला नाही, हे लगेच कळते.

नेमक्या याच ठिकाणी पुणे परिसरातील स्पर्धांत गाजलेल्या मुलांची अडचण होते, आणि हे विधान थोडे कडू वाटले तरी करणे भाग आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ पासून चालवलेली पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, तिच्यानंतर सुरू झालेला फिरोदिया करंडक आणि राज्य शासनाची हौशी नाट्यस्पर्धा यांनी मराठी रंगभूमीला केवढी माणसे दिली हे सर्वांना माहीत आहे. मावळातही तळेगावच्या ‘कलापिनी’सारख्या संस्थेने हौशी रंगकार्याची सवय टिकवून ठेवली आहे. परंतु स्पर्धेचे स्वतःचे एक व्याकरण तयार होते. भरलेल्या, आरडाओरडा करणाऱ्या प्रेक्षागृहात ठरलेल्या वेळेत बाजी मारायची असल्याने वाक्याच्या शेवटी आवाज चढवणे, टाळी येईल तेथे थांबणे, भावनेचा कळस शेवटच्या मिनिटाला आणणे अशा युक्त्या नटाच्या अंगात मुरतात, आणि बक्षीस मिळाले की त्या युक्त्यांनाच अभिनय समजण्याची चूक होते. चार-पाच परीक्षक बसलेल्या छोट्या खोलीत तीच फेक कानठळ्या बसवते. स्पर्धेचा अनुभव अर्जात लिहिण्याजोगा असतो यात शंका नाही, कारण त्यातून तालमीची शिस्त, इतरांबरोबर काम करण्याची सवय आणि प्रेक्षकांची भीड चेपणे या गोष्टी मिळतात. फक्त परीक्षेच्या खोलीत प्रेक्षागृह सोबत नेता येत नाही.

उताऱ्याची निवड हा याच्याशी जोडलेला विषय असून त्यात वारंवार होणारी चूक एकच आहे. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकरांची स्वगते एकोणीस-वीस वर्षांची मुले मोठ्या हौसेने पाठ करतात. स्वगत म्हणजे पात्राने स्वतःशीच किंवा समोर कोणी नसताना केलेले भाषण. १९७० साली हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा डॉ. श्रीराम लागूंसारख्या कसलेल्या नटाचे वय त्रेचाळीस होते, आणि तरीही तो म्हातारा उभा करताना त्यांचा कस लागला. विशीतल्या मुलाच्या तोंडी ते भाषण आले की परीक्षकांना थरथरत्या हातांचे आणि घोगऱ्या आवाजाचे अनुकरण दिसते, मुलगा दिसत नाही. वयाला आणि समजुतीला पेलेल अशी भूमिका निवडणे हे कमीपणाचे लक्षण नव्हे. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’मधील सिनेमाच्या वेडाने झपाटलेली रंजू किंवा दारूच्या आहारी चाललेला पराग ही माणसे तरुण आहेत, त्यांच्या घरात जे कोसळते आहे ते शेतीवर जगणाऱ्या कोणत्याही घराला ओळखीचे आहे, आणि मावळात महामार्ग, द्रुतगती मार्ग व बंगल्यांचे प्लॉट यांनी जमिनीचे जे केले ते पाहिलेल्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

परीक्षेत दोन परस्परभिन्न उतारे मागण्याची प्रथा देशात आणि परदेशांतही रूढ आहे. लंडनची रॉयल अकादमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट ही १९०४ साली स्थापन झालेली संस्था अभिजात आणि आधुनिक अशा दोन्ही प्रकारच्या उताऱ्यांची अपेक्षा करते, तर न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड संस्थेत १९६८ साली नाट्यविभाग सुरू झाला तोही अशाच कसोट्यांवर उभा आहे. भिन्न याचा अर्थ एक रडका आणि एक विनोदी इतकाच नसतो. एकात माणूस काही लपवत असेल तर दुसऱ्यात तो काही मिळवू पाहत असावा, एकाची भाषा पद्याकडे झुकणारी असेल तर दुसऱ्याची रोजच्या बोलण्यातली असावी, म्हणजे उमेदवाराच्या आवाक्याचा अंदाज येतो. शेक्सपियरचा उतारा हवा असल्यास गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ किंवा आगरकरांचे ‘विकारविलसित’ यांच्यातील एकोणिसाव्या शतकातील मराठी तोंडात बसायला जड जाते. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ त्या मानाने आजच्या जिभेला जवळचा आहे.

एकट्याने उतारा करताना समोरचे पात्र कोठे असते, हा प्रश्न नवख्या उमेदवाराला सर्वांत जास्त सतावतो, आणि त्याचे उत्तर मराठीत शंभर वर्षांपूर्वीच सापडलेले आहे. पुण्यात शिक्षकी करणाऱ्या शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजेच ‘दिवाकर’ यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. इंग्रज कवी ब्राउनिंगच्या नाट्यपूर्ण एकभाषितांवरून त्यांना ही कल्पना सुचली होती. नाट्यछटेत बोलणारा एकच असतो, पण त्याच्याभोवती तीन-चार माणसे वावरत असतात आणि ती काय म्हणाली हे वाचकाला त्या एकाच्या बोलण्यावरूनच कळते. बोलणाऱ्याने समोरच्याचे न उच्चारलेले वाक्य आधी ऐकले पाहिजे आणि मग उत्तर दिले पाहिजे, अन्यथा नाट्यछटा कोसळते. शालेय स्पर्धांत नाट्यछटा नकला आणि हावभावांच्या आतषबाजीत संपते ही खंतावण्याजोगी गोष्ट आहे, कारण ऐकण्याच्या अभिनयाचा इतका नेमका व्यायाम दुसऱ्या कोणत्या वाङ्मयप्रकारात असेल असे वाटत नाही. उमेदवार बोलत असताना त्याची नजर समोरच्या काल्पनिक माणसावर ठरली आहे का, तो माणूस उठून गेला की ती हलते का, हे परीक्षक पाहत असतात. उतारा थेट परीक्षकांच्या डोळ्यांत पाहून म्हणू नये, असे जे सांगतात त्याचे कारणही हेच.

भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेषभूषा, रंगभूषा इत्यादी बाह्य साधनांचा आणि सात्त्विक म्हणजे अंतःकरणातून उमटणाऱ्या भावाचा. प्रवेशपरीक्षेत आहार्याला जवळजवळ स्थान नाही, म्हणून भाड्याचा पोशाख आणि दाढीमिशा घेऊन जाण्यात काही हशील नसते. अंगाला मोकळे पडणारे, जमिनीवर बसता-लोळता येईल असे साधे कपडे पुरेसे होतात. वाचिकाची तपासणी मात्र बारकाईने होते, आणि ती गोड आवाजाची नसते. वाक्य संपेपर्यंत श्वास पुरतो का, शेवटचा शब्द गिळला जातो का, घसा न ताणता आवाज खोलीभर पोहोचतो का, या गोष्टी कानांवर येतात. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेल्या कैवल्यधाम या संस्थेत प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची परंपरा शंभर वर्षांची आहे, त्यामुळे पूरक, कुंभक आणि रेचक, म्हणजे श्वास घेणे, रोखणे व सोडणे, हे शब्द या गावाला परके नाहीत. परंपरागत प्राणायामात रेचक पूरकाच्या दुप्पट लांबवला जातो. रंगमंचावर हा फरक आणखी मोठा असतो, कारण श्वास दोन शब्दांच्या फटीत चटकन, आवाज न करता घ्यावा लागतो आणि तो एका लांब वाक्यावर पुरवून वापरावा लागतो. म्हणून प्राणायामाचा सराव उपयोगी असला तरी तोच नटाचा श्वासाभ्यास होत नाही. बोलता बोलता, चालता चालता, जिना चढता चढता श्वास सांभाळण्याचा सराव वेगळा करावा लागतो.

वाणीच्या बाबतीत मावळच्या मुलांच्या मनात बोलीची धास्ती असते. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणारा मुलगा परीक्षेच्या खोलीत पाऊल टाकताच पुस्तकी आणि ताणलेले बोलू लागतो, आणि त्या ताणात त्याचे खांदे, हात, नजर सगळेच आखडते. नाट्यशिक्षणात प्रमाण उच्चार शिकवला जातो व तो शिकावाही लागतो, कारण नटाला अनेक भूमिकांत वावरायचे असते. पण तो शिकण्यासारखा आहे म्हणूनच तो आधीच येत असला पाहिजे अशी अट शहाणे परीक्षक घालत नाहीत. त्यांना पाहायचे असते ते हे की, सांगितल्यावर उमेदवाराला स्वतःच्या उच्चारातला फरक ऐकू येतो का. कान तयार असला तर जीभ वळते. उलट, घरची बोली पुसून टाकून आलेल्या उमेदवारापाशी शहरी मालिकांतून उचललेला एकच सपाट सूर उरतो, आणि मग गावाकडची भूमिका आली की तो त्याच गावाची नक्कल करू लागतो, हा विनोद मराठी पडद्याने पुरेसा पाहिलेला आहे.

बोलीबरोबर येणारी आणखी एक पुंजी सहसा मोजली जात नाही. इंद्रायणी लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याला उगम पावून देहू-आळंदीकडे जाते आणि तिच्या काठच्या गावांत भजनी मंडळे, काकडआरती, भारूड, कीर्तन हे सगळे अजून चालते. टाळ हातात घेऊन लहानपणापासून उभ्या राहिलेल्या मुलाच्या अंगात लय बसलेली असते आणि परीक्षेत गाणे म्हणायला सांगितले तर त्याला चित्रपटगीताची उसनवारी करण्याचे कारण नसते. परीक्षकांना गायक नको असतो, सुराची आणि तालाची जाण व गाताना न लाजणे एवढेच हवे असते. कीर्तनकार निरूपण करता करता एका क्षणात आख्यानातला राजा होतो, पुढच्या क्षणी राणी होतो आणि पुन्हा निरूपणावर येतो, ही पात्रांतराची कला तर कोणत्याही नाट्यशाळेच्या पहिल्या वर्षाचा विषय ठरावी. सतीश आळेकरांनी १९७४ साली रंगभूमीवर आलेल्या ‘महानिर्वाण’मध्ये कीर्तनाचा घाट वापरला, त्याच्या दोनच वर्षे आधी ‘घाशीराम कोतवाल’ने लोकनाट्याच्या घडणीतून एक वेगळीच रंगभाषा उभी केली होती, आणि दोन्ही नाटकांची जडणघडण पुण्यातच झाली.

शरीराची परीक्षा ही देखणेपणाची परीक्षा नसते. उमेदवाराला प्राण्यासारखे चालायला, जड ओझे उचलल्याचा अभिनय करायला किंवा संगीताच्या तालावर मनाला येईल तसे हलायला सांगतात, तेव्हा शरीर सूचनेला किती लवकर आणि किती निःसंकोचपणे उत्तर देते हे पाहिले जाते. भाताच्या लावणीत दिवसभर वाकलेल्या किंवा लोहगडाच्या पायऱ्या नित्य चढणाऱ्या शरीरापाशी वजनाची, तोलाची आणि थकव्याची खरी आठवण असते, आणि ओझे उचलल्याचा अभिनय करताना ती आठवण व्यायामशाळेत कमावलेल्या दंडांपेक्षा अधिक कामी येते. दिल्लीच्या विद्यालयात प्राथमिक फेरीनंतर निवडलेल्या उमेदवारांची काही दिवसांची कार्यशाळा घेतली जाते, कारण पाच मिनिटांत झाकता येणाऱ्या गोष्टी चार दिवसांत झाकता येत नाहीत. गटात उत्स्फूर्त प्रसंग रचताना, म्हणजे लिखित संहितेशिवाय तेथल्या तेथे नाट्य उभे करताना, जो उमेदवार इतरांचे ऐकतो आणि त्यांच्या कल्पनेवर पुढे बांधतो तो लक्षात राहतो. जो प्रत्येक प्रसंगाचा नायक व्हायला धावतो तोही लक्षात राहतो, पण वेगळ्या कारणाने.

मुलाखतीबद्दल थोडक्यात सांगता येईल. कोणती नाटके वाचली, कोणती पाहिली, एखादे का आवडले नाही, असे प्रश्न अपेक्षित असतात, आणि ‘लहानपणापासून आवड आहे’ या उत्तराचा परीक्षकांना कंटाळा आलेला असतो. लोणावळ्यात राहून व्यावसायिक नाटके पाहायची तर चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहापर्यंत किंवा पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरापर्यंत जावे लागते व रात्रीच्या प्रयोगानंतर परतण्याची पंचाईत होते, हे खरे असले तरी नाटके वाचायला लोकलची गरज नसते. आर्थिक आणि कौटुंबिक तयारीचा प्रश्नही निघतो, विशेषतः मुलींच्या बाबतीत. तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात, म्हणून वसतिगृहात राहण्याचा विचार झाला आहे का आणि घरी त्याविषयी बोलणे झाले आहे का, याचे सरळ उत्तर तयार असणे बरे. नकार मिळाला तर पुढील वर्षी, वयाच्या मर्यादेत, पुन्हा अर्ज करता येतो. मधल्या वर्षात करण्यासारखे काम म्हणजे महाविद्यालयातील एखादा मित्र किंवा शिक्षक गाठून त्याला आपल्या उताऱ्यावर दर आठवड्याला एक नवी, आधी न सांगितलेली सूचना द्यायला लावणे, आणि ती सूचना देणारा माणूस शक्यतो आपले कौतुक न करणारा निवडणे.